जिभेची शाळा आणि लाल उजेड

जीभ बाहेर काढ पाहू! अगदी बिनधास्त. आज कुणी रागावणार नाही.

आता आरशासमोर उभं राहा आणि जिभेच्या टोकाकडे नीट बघ. बारीक बारीक लालसर ठिपके दिसतात ना? त्या ठिपक्यांच्या आत एक शाळा भरते. तिला रविवार नाही, मे महिना नाही, दिवाळीची सुट्टी नाही. उलट दिवाळीत तर तिला दुप्पट काम!

ही चवीची शाळा. आज आपण तिच्यात एक फेरफटका मारू या. ही शाळा कधी कधी ओस का पडते, ते बघू. आणि ती पुन्हा गजबजावी म्हणून काही डॉक्टर चक्क लाल उजेड घेऊन कसे येतात, तेही बघू. हो, उजेड! गोळी नाही, सुई नाही, नाक मुरडून प्यायचं औषध नाही!

दहा दिवसांचे विद्यार्थी

या शाळेतल्या एका वर्गाचं नाव रुचिकलिका. मोठ्या माणसाच्या तोंडात असे साधारण २,००० ते ४,००० वर्ग असतात. बरेचसे जिभेवर, काही टाळूवर आणि घशातसुद्धा! आणि एका वर्गाचा पट किती असेल? ५० ते १००! म्हणजे अगदी तुझ्या वर्गासारखाच गच्च.

या वर्गातले विद्यार्थी म्हणजे पेशी. आपलं सगळं शरीर अशा इवल्या इवल्या जिवंत पेशींचं बनलेलं असतं. डोळ्यांना त्या दिसत नाहीत, सूक्ष्मदर्शक लागतो.

वर्गात कामं वाटून दिलेली असतात. साखर आली की ठरावीक पेशी हात वर करतात, "गोड! गोड!" मीठ आलं की दुसऱ्या ओरडतात, "खारट!" लिंबू आलं की तिसऱ्या, कारलं आलं की चौथ्या. हा गलका नसांमधून थेट मुख्याध्यापकांकडे जातो. मुख्याध्यापक कोण? तुझा मेंदू! तो ठरवतो की घास गिळायचा की थू थू करायचं.

गोड, खारट, आंबट, कडू... पाचवी चव सांग बरं! तिखट म्हणतोस? चूक! तिखट ही चव नाहीच. ठेचा खाल्ल्यावर जीभ 'भाजते' ना? ती खरोखर भाजल्याचीच वर्दी असते. मिरचीतला एक पदार्थ उष्णता ओळखणाऱ्या नसांना फसवतो. डेव्हिड ज्युलियस या शास्त्रज्ञाने हे गुपित उलगडलं आणि २०२१ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. मिरचीने मिळवून दिलेलं नोबेल!

पाचवी चव आहे उमामी. टोकियोच्या किकुनाए इकेदा यांना ती १९०८ साली समुद्री शेवाळाच्या रश्शात सापडली. पिकलेल्या टोमॅटोत आणि अळंबीत ती तुझ्याही जिभेला भेटते.

आता खरी गंमत ऐक. या शाळेतले विद्यार्थी किती दिवस टिकतात? दहा वर्षं? दहा महिने? छे! सरासरी फक्त दहा दिवस!

म्हणजे बघ. गणपती बसतात त्या दिवशी तू मोदक खातोस किंवा खातेस. त्या मोदकाचं गोड कौतुक करणाऱ्या पेशींपैकी बऱ्याचशा अनंत चतुर्दशीपर्यंत आपल्या बाप्पासारख्याच निरोप घेऊन गेलेल्या असतात. विसर्जनाच्या खिरापतीची चव घ्यायला नवी तुकडी हजर! जुने जातात, नवे येतात, आणि वर्ग कधी रिकामा दिसत नाही. कारण शाळेत रोज नवे प्रवेश चालू असतात.

हे प्रवेश लक्षात ठेव. पुढची सगळी गोष्ट त्यांच्यावरच आहे.

प्रवेश बंद!

कॅन्सर हा शब्द तू ऐकला असशील. कदाचित घरात कुणीतरी हळू आवाजात म्हटला असेल. भिऊ नकोस, तो काय आहे ते आपण नीट समजून घेऊ.

शरीरातल्या पेशी शिस्तीच्या असतात. गरज असेल तेव्हा एकीच्या दोन होतात, गरज संपली की थांबतात. पण कधी कधी एखादी पेशी शिस्त मोडते. एकीच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ... घंटा झाली तरी थांबतच नाही! सगळं मैदान अडवणाऱ्या टोळक्यासारखी ती जागा बळकावते. हाच कॅन्सर. तो सर्दीसारखा एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. कॅन्सर झालेल्या आजोबांच्या शेजारी खुशाल बस, त्यांचा हात हातात घे.

या टोळक्याला आवरायला डॉक्टर केमोथेरपी देतात. ही जोरदार औषधं असतात. ती बहुतेक वेळा शोधतात कुणाला? भराभर वाढणाऱ्या पेशींना. पण इथेच घोळ होतो! आपल्या शरीरात भराभर वाढणाऱ्या चांगल्या पेशीही असतातच. कुठे, ओळख पाहू!

केसांच्या मुळाशी! म्हणून केमो घेताना अनेकांचे केस गळतात. तोंडाच्या आतल्या अस्तरात! म्हणून तोंड येतं. आणि आपल्या चवीच्या शाळेत! रोज नवे प्रवेश म्हणजे रोज नव्या पेशी. औषधाला वाटतं, हेही त्याच टोळक्यातले. आणि ते प्रवेशच बंद करून टाकतं.

मग काय होणार? जुने विद्यार्थी ठरल्याप्रमाणे दहा-बारा दिवसांत निघून जातात. नवे येतच नाहीत. बाकं रिकामी! जे उरतात ते भलतीच उत्तरं देतात. मग वरण मातीसारखं लागतं. पाणी पिताना नाणं चाटल्यासारखं वाटतं. आवडीचा शिरासुद्धा नकोसा होतो.

तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन देतात, तेव्हाही असंच होतं. रेडिएशन म्हणजे डोळ्यांना न दिसणारे शक्तिशाली किरण. त्यांच्या वाटेत जीभ आली, तर दोन-तीन आठवड्यांतच चव उतरू लागते. शिवाय लाळ तयार करणाऱ्या ग्रंथीही मलूल होतात.

लाळेचं इथे काय काम, असं वाटतंय? मग हा प्रयोग करून बघ! स्वच्छ रुमालाने जीभ टिपून अगदी कोरडी कर. तिच्यावर चिमूटभर साखर ठेव. काय लागलं? काहीच नाही! थोडं थांब. लाळ सुटली, साखर विरघळली, आणि मगच "गोड!" असा गलका झाला. पदार्थ विरघळल्याशिवाय वर्गाचं दारच उघडत नाही. आपल्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते म्हणे! म्हणे कशाला, खरंच होते.

चव गेली म्हणजे फक्त मजा गेली असं नाही. जेवण जात नाही, वजन उतरतं, अंगात ताकद राहत नाही. आणि उपचार सोसायला ताकद तर हवीच ना! केमो संपल्यावर चव बहुतेकांना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत मिळते. रेडिएशननंतर मात्र कधी कधी वर्षभरही वाट बघावी लागते. काही जणांची चव पूर्ण परत येतही नाही.

मग डॉक्टर विचार करू लागले. हे प्रवेश लवकर सुरू करता येतील का?

फसलेला प्रयोग आणि केसाळ उंदीर

उत्तराची सुरुवात झाली एका फसलेल्या प्रयोगातून!

१९६० सालच्या मे महिन्यात अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये थिओडोर मेमन यांनी जगातला पहिला लेसर चालवून दाखवला. त्यात होतं माणकाचं कांडं. माणिक, अंगठीतलं ते लाल रत्न! त्यातून निघाला लालभडक, अगदी सरळ जाणारा प्रकाश.

काही वर्षांनी हंगेरी देशात, बुडापेस्ट शहरात, एन्द्रे मेस्टर नावाच्या डॉक्टरांनी असाच माणकाचा लेसर घेतला. लेसरने उंदरांच्या अंगातली गाठ नष्ट होते का, हे त्यांना बघायचं होतं. त्यांनी उंदरांच्या पाठीवरचे केस भादरले आणि प्रकाश सोडला.

गाठ गेली? नाही! त्यांचा लेसर फारच दुबळा निघाला. गाठीला त्याने काहीसुद्धा केलं नाही.

पण मेस्टर यांनी उंदरांकडे नीट बघितलं आणि ते चकित झाले. प्रकाश पडलेल्या उंदरांच्या पाठीवर केस भराभर उगवत होते! दुसऱ्या उंदरांच्या पाठी अजून टकल्याच! ही १९६७ सालची गोष्ट. पुढे त्यांना दिसलं की मंद लाल प्रकाशाने जखमाही लवकर भरतात.

आहे की नाही गंमत? जोरदार लेसर कापतो, जाळतो. मंद लेसर मात्र पेशींना कामाला लावतो!

अंतराळातले बटाटे

आता आपण थेट अंतराळात जाऊ. १९९५ सालच्या ऑक्टोबरमध्ये कोलंबिया नावाच्या अमेरिकी अंतराळयानात एका छोट्या पेटीत बटाटे वाढवले गेले. तिथे ना ऊन, ना शेत! मग रोपांना उजेड कुठून मिळाला? लाल आणि निळ्या एलईडी दिव्यांमधून. तुझ्या घरातल्या माळेत असतात ना, त्याच जातीचे दिवे.

अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातले डॉक्टर हॅरी व्हेलन यांच्या मनात आलं, हे दिवे रोपांना वाढवतात, मग आजारी मुलांच्या तोंडातल्या जखमांना मदत करतील का? त्यांनी लाल एलईडीचा एक दिवा घेतला आणि अस्थिमज्जा बदलण्याचे अवघड उपचार घेणाऱ्या मुलांच्या गालाला बाहेरून लावला. त्या मुलांना तोंड येण्याचा त्रास अपेक्षेपेक्षा कमी झालेला दिसला. अंतराळातल्या बटाट्यांचा दिवा मुलांच्या गालावर!

आपल्या देशातही हे काम झालं. कर्नाटकातल्या मणिपाल इथल्या डॉक्टरांनी तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचे २२१ रुग्ण घेऊन मोठी चाचणी केली. काहींना खरा लाल लेसर दिला. काहींना यंत्र लावलं, पण प्रकाश सोडलाच नाही! कुणाला काय मिळतंय, हे रुग्णांना ठाऊक नव्हतं. २०१२ साली निकाल छापून आला. खऱ्या प्रकाशाच्या गटात तोंड येण्याचा त्रास आणि वेदना कमी होत्या. आज काही ठरावीक कॅन्सर उपचारांमध्ये तोंड येऊ नये म्हणून हा उजेड वापरावा, अशी शिफारस जगभरचे तज्ज्ञ करतात.

उजेड आत जातोच कसा?

तुला वाटेल, तोंडाला उजेड दाखवला तर तो बाहेरच राहील. आत कसा जाईल?

अंधाऱ्या खोलीत जा. मोबाइलचा टॉर्च लाव आणि त्याच्यावर बोट ठेव. काय दिसलं? बोट लालचुटूक उजळलं! टॉर्च तर पांढरा होता. मग लाल कुठून आला?

पांढऱ्या उजेडात सगळे रंग असतात. हिरवा आणि निळा रंग रक्तच शोषून घेतं. लाल मात्र बराच आतपर्यंत झिरपतो. म्हणून डॉक्टर लाल रंगच निवडतात. किंवा लालच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश.

या लाल प्रकाशाच्या लाटा किती बारीक असतात, सांगू? तुझ्या पट्टीवरच्या एका मिलिमीटरमध्ये सुमारे १,५०० लाटा मावतात!

आत गेल्यावर उजेड करतो काय? शाळेत खिचडी शिजते ना, तसं प्रत्येक पेशीतही स्वयंपाकघर असतं. त्याचं नाव मायटोकॉन्ड्रिया. तिथे अन्न आणि ऑक्सिजन वापरून ताकदीचा खाऊ तयार होतो. त्याला म्हणतात एटीपी. केमो आणि रेडिएशनने दमलेल्या पेशींमध्ये ही चूल मंदावते.

शास्त्रज्ञांचा अंदाज असा आहे की या स्वयंपाकघरातलं एक प्रथिन लाल उजेड शोषून घेतं आणि चूल पुन्हा चांगली पेटते. खाऊ वाढतो. दुरुस्तीला ताकद मिळते. सूज उतरते. त्या प्रथिनाचं नाव जरा लांबलचक आहे, सायटोक्रोम सी ऑक्सिडेज. एका दमात तीनदा म्हणून दाखव!

पण उजेडाचंही खिचडीतल्या मिठासारखंच आहे. कमी पडलं तर अळणी, जास्त झालं तर खायला नको. उजेड फार थोडा दिला तर उपयोग नाही, फार जास्त दिला तरी उपयोग होत नाही. शिवाय शिस्त मोडलेल्या त्या टोळक्याला चुकून खाऊ मिळता कामा नये! म्हणून कुठे, किती आणि किती वेळ उजेड द्यायचा, हे डॉक्टर अगदी मोजूनमापून ठरवतात.

उपचार कसा असतो? रुग्ण काळा किंवा रंगीत चष्मा घालतो, डोळ्यांना लेसर लागू नये म्हणून. डॉक्टर पेनासारखी कांडी तोंडात एकेका जागी काही सेकंद धरतात. भाजत नाही. टोचत नाही. झालं!

मग चव येते का?

आता सर्वांत मोठा प्रश्न. तोंड येणं कमी होतं, हे ठीक. पण चवीच्या शाळेत प्रवेश सुरू होतात का?

काही देशांत डॉक्टरांनी चव गेलेल्या रुग्णांच्या जिभेवर हा उजेड देऊन बघितला आहे. काही रुग्णांना अन्नाची चव पुन्हा कळू लागली. छान! पण घाईने टाळ्या वाजवू नकोस. या चाचण्या अजून छोट्या आहेत, त्यांत रुग्ण थोडे आहेत. आणि एक पेच आहे. कोणता, ओळख पाहू!

चव पुष्कळदा आपली आपणही परत येते! मग श्रेय कुणाचं? उजेडाचं की दिवसांचं? हे कसं ठरवायचं?

मणिपालची युक्ती आठव. दोन गट करायचे. एका गटाला खरा उजेड, दुसऱ्याला नुसतंच यंत्र. मग दोन्ही गटांच्या जिभेवर थेंब टाकायचे. साखरेच्या पाण्याचा, मिठाच्या पाण्याचा, आंबट आणि कडू पाण्याचा. पहिल्यांदा अगदी फिकं पाणी, मग जरा जास्त दाट. कोणत्या थेंबाला चव कळली, ते लिहून ठेवायचं. ही चवीच्या शाळेची परीक्षाच! उजेडाच्या गटाला फिकं पाणी आधी ओळखता आलं, तरच उजेड पास. अशा मोठ्या परीक्षा झाल्या की ठाम उत्तर मिळेल. तोपर्यंत चवीच्या बाबतीत उजेड हा नुसता आशेचा उमेदवार आहे.

तुझ्यासाठी तीन कामं

पहिलं काम. लेसरचं खेळण्यातलं पेन जिभेवर, डोळ्यांवर किंवा मित्राच्या अंगावर मारून बघायचं नाही. कधीच नाही! बाजारातलं लेसर पेन हे औषध नव्हे. त्याने डोळ्याच्या आतल्या पडद्याला कायमची इजा होऊ शकते.

दुसरं काम. घरात, शेजारी किंवा वर्गात कुणी केमो घेत असेल आणि ताट तसंच सरकवून ठेवत असेल, तर "किती नखरे!" असं म्हणू नकोस. त्यांच्या जिभेवरचे वर्ग रिकामे आहेत, हे आता तुला माहीत आहे. त्यांना विचार, "आज काय बरं लागतंय?" कालची आवड आज नसेल, तर तीही समजून घे. स्टीलच्या चमच्याने धातूची चव जास्त लागत असेल, तर लाकडी किंवा प्लास्टिकचा चमचा आणून दे. तोंड आलं असेल तर तिखट नको, मऊ आणि कोमट घास हवा. बाकी काय द्यायचं, ते त्यांच्या डॉक्टरांना विचारायचं.

तिसरं काम सगळ्यांत महत्त्वाचं. आपल्या देशात तोंडाचा कॅन्सर फार आढळतो आणि त्याचं एक मोठं कारण आहे तंबाखू. गुटखा, मावा, खैनी, मिश्री, नाव काहीही असो, आत तंबाखूच! कुणी "एकदा चाखून बघ" म्हणालं, तर मोठ्याने नाही म्हण. आणि घरात कुणी तंबाखू खात असेल, तर त्यांना आज तू वाचलेली ही शाळेची गोष्ट वाचून दाखव. मोठी माणसं डॉक्टरांचं ऐकत नाहीत, पण नातवंडांचं ऐकतात!